फिरायला निघताना पिल्लू अनावर होते. त्याला शांत राहायला कसे शिकवावे?

गावभागकर (सांगली)

नमस्कार. आमच्या घरी कारवानी जातीच्या कुत्र्याचे पाच महिन्यांचे पिल्लू आहे. जत तालुक्यातल्या माझ्या मामेसासऱ्यांच्या मळ्यावर ते जन्मले आणि दोन महिन्यांचे झाल्यावर आमच्याकडे आले. रंगावरून त्याचे नाव भुऱ्या पडले. घरात आम्ही दोघे, चौथीत शिकणारी मुलगी आणि सासरे आहोत. सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली असून पहाटे हरिपूर रस्त्याने चालून येण्याचा नेम त्यांनी नोकरीत असल्यापासून मोडलेला नाही. त्या फेरीला त्यांना सोबत व्हावी, या विचारानेच पिल्लू आणले.

अडचण घराबाहेर पडण्याच्या वेळेची आहे. एरवी भुऱ्या शहाण्यासारखा वागतो, हाक मारली की येतो, जेवणाच्या ताटात तोंड घालत नाही. परंतु दारामागच्या खुंटीवरची साखळी नुसती हलली तरी त्याचे भान सुटते. तो सासऱ्यांच्या छातीपर्यंत उड्या मारतो, साखळी दातात धरून झटके देतो, स्वतःभोवती गरगर फिरतो आणि पुष्कळदा फरशीवर लघवीचे थेंबही सांडतात. कशीबशी साखळी अडकवली की दार पुरते उघडण्याआधीच तो फटीतून घुसतो. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. जिना जुन्या वाड्याचा, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे. मागच्या आठवड्यात वळणावर भुऱ्याने असा हिसका दिला की सासऱ्यांनी वेळीच कठडा धरला म्हणून निभावले. तेव्हापासून पहाटे मला धास्ती वाटते.

आम्ही मोठ्याने ‘नाही’ म्हणतो, त्याला खाली ढकलतो, पट्टा धरून ठेवतो. आणि खालच्या बिऱ्हाडाची झोपमोड नको म्हणून शेवटी लगबगीने बाहेर काढतो. हे वयाबरोबर आपोआप कमी होते का? वाकता न येणाऱ्या माणसाने हे शिकवायचे तर कसे? बक्षीस म्हणून खाऊ द्यावा असे सगळे सांगतात, पण आमच्या घरी मांसाहार नाही, अंडीही नाहीत. तासगावचे बेदाणे मात्र डब्यात नेहमी असतात. ते दिले तर चालतील का?

मिरजकर

बेदाण्यांचे आधी सांगतो, कारण त्याला उशीर व्हायला नको. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. एकही देऊ नका, आणि मुलीलाही हे आजच समजावून सांगा, कारण आपल्याकडच्या घरांत मूठभर बेदाणे हातावर घेऊन खात फिरण्याची सवय लहानांना असतेच.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षे कुत्री पाळतो आणि आमच्या वसाहतीतल्या लोकांना त्यांच्या पिल्लांबाबत मदत करतो. वयाबरोबर हे आपोआप कमी होईल, अशा भरवशावर राहू नका. सहा-सात महिन्यांनंतर कुत्रे वयात येऊ लागते, अंगात ताकद येते आणि तोवर मुरलेली सवय त्या ताकदीनिशी समोर उभी राहते. पाच महिने हे शिकवण्याचे उत्तम वय आहे.

रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करत होते; १९०४ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी मिळाले. त्यांच्या लक्षात आले की अन्न समोर येण्यापूर्वी, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटते. भुऱ्याच्या बाबतीत खुंटीवरची साखळी हीच ती चाहूल आहे, आणि ती एकटी नसणार. सासऱ्यांनी कानटोपी घातली, चपला पायात सरकवल्या, किल्ल्या उचलल्या, यांतल्या प्रत्येक गोष्टीला त्याच्या मनात अर्थ आलेला आहे. साखळीला हात लागेपर्यंत त्याचा उत्साह अर्धा चढलेला असतो, म्हणून दारापाशी शिकवायला गेल्यास हाती काही लागत नाही.

दुसरी बाजू अशी की फिरायला मिळणे याहून मोठे बक्षीस भुऱ्याच्या लेखी नाही, आणि ते त्याला रोज कोणत्या वागण्यानंतर मिळते ते पाहा. तो उड्या मारतो आणि दार उघडते. तो ओढतो आणि जिना संपतो. तुमचे मोठ्याने ‘नाही’ म्हणणे त्याला गलबल्यात सामील होणे वाटते आणि ढकलणे हा तर पिल्लांच्या आपसातल्या खेळाचाच भाग असतो. तेव्हा त्याला गप्प करण्याच्या मागे न लागता, साखळी, दार आणि जिना या तिन्ही गोष्टी फक्त शांत कुत्र्यासाठीच पुढे सरकतील, एवढे घरातल्या सर्वांनी ठरवायचे आहे.

सुरुवात फिरायला जायचेच नसते अशा वेळी करा. दिवसातून अनेकदा साखळी खुंटीवरून काढा, हातात घेऊन खुर्चीवर बसा, वर्तमानपत्र वाचा, पुन्हा टांगा. तो उड्या मारेल; त्याच्याकडे पाहू नका, बोलू नका, हात लावू नका. चारही पाय जमिनीवर टेकून तो क्षणभर थांबला की खाऊचा बारीक तुकडा त्याच्या पुढच्या पंजांच्या मध्ये फरशीवर ठेवा. हातातून भरवला तर तो हाताकडे झेप घ्यायला शिकतो. जमिनीवर ठेवला की मान खाली जाते आणि मान खाली गेलेले कुत्रे उडी मारत नाही. कानटोपी, चपला, किल्ल्या यांच्याबाबतही हेच करा. काही दिवसांनी साखळी काढली तरी तो डोळे किलकिले करून पुन्हा मान टाकेल, तेव्हा पुढे जा.

पुढची पायरी साखळी अडकवण्याची, आणि सर्वांत जास्त चिकाटी इथेच लागते. साखळीचा आकडा उजव्या हातात धरून हात सावकाश त्याच्या गळ्याकडे न्या. चारही पाय जमिनीवर आहेत तोवर हात खाली येत राहील. एक पंजा उचलला गेला की हात साखळीसह छातीपाशी परत जाईल. शब्द नकोत, डोळे वटारणे नको. पहिल्या वेळी हात अनेकदा वर-खाली होईल. मग एक क्षण असा येतो की पिल्लू हाताकडे बघते, पंजा उचलायला जाते आणि स्वतःच तो परत टेकवते. तिथे त्याला समजलेले असते. आकड्याचा आवाज झाला की लगेच निघू नका. अडकवा, खाऊ द्या, काढा. आकडा अडकला म्हणजे निघालोच, हे समीकरणही सुटायला हवे.

दाराचेही तसेच. बोटभर उघडा, तो पुढे सरसावला की मिटा, मात्र नाक किंवा पंजा फटीत येणार नाही, इकडे लक्ष ठेवा. तो जागीच राहिला तर आणखी थोडे उघडा. पुरते उघडल्यावरही तुम्ही ‘चल’ म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. जिन्यावर साखळी ताणली गेली की थांबायचे, सैल झाली की एक पायरी उतरायची.

वाकता येत नसल्यास सासऱ्यांनी दाराजवळ पाठीची खुर्ची ठेवून तीवर बसावे. भुऱ्याने त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये येऊन उभे राहावे, म्हणजे आकडा बसल्या जागी अडकवता येतो. खाऊ खाली वाटीत टाकला की झाले.

पशुवैद्य, सातारा जिल्हा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझे शिक्षण शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात झाले आणि व्यवसायाचा मोठा भाग पाळीव कुत्र्यांचाच आहे, म्हणून काही गोष्टींची भर घालतो.

बेदाण्यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. सगळ्याच कुत्र्यांना सारखा त्रास होत नाही, आणि इतक्या प्रमाणापर्यंत धोका नाही असे सांगता येण्याजोगी कोणतीही मर्यादा नाही. म्हणूनच चुकून खाल्ले गेले तर उलटी होण्याची वाट न पाहता त्याच तासात डॉक्टरांकडे न्यावे. कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेली गोड गोळी हेही वर्ज्य आहे. शाकाहारी घरासाठी बिनमिठाचे पनीर, उकडलेले गाजर किंवा रताळे, कडक भाजलेल्या भाकरीचा चुरा हे पर्याय चांगले आहेत. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा असावा आणि दिवसभरात दिलेला खाऊ त्याच्या जेवणातून वजा करावा.

साखळी चावण्याचे कारण केवळ उत्साह नसावा. पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात व समोर दिसेल ते चावावेसे वाटते. लोखंडी साखळी चावून नवा दात दुखावण्याचा किंवा तुटण्याचा धोका असतो. ती ताबडतोब बदलून कापडी किंवा नायलॉनची दोरी घ्या आणि चावायला भिजवून पिळून गार केलेला जाड फडका वेगळा द्या. निघण्यापूर्वी काही मिनिटे तो चावायला मिळाला तर दोरीवरचा हल्ला बराच कमी होतो.

उत्साहाच्या भरात थेंब सांडणे हे या वयात नेहमीचे आहे. त्यावर त्याच्या हाती काही नसते, त्यामुळे रागावू नका. रागावल्यास ते वाढते. मात्र दिवसभर वारंवार थोडी थोडी लघवी होत असेल तर तपासून घ्या.

लोक सहसा विचारत नाहीत तो प्रश्न मी आवर्जून विचारतो : भुऱ्या झोपतो किती? या वयाच्या पिल्लाला दिवसाचे अठरा तासांच्या आसपास झोप लागते. शाळेतून आलेली मुलगी, पाहुणे, दारावरची वर्दळ यांत ती मोडली तर पिल्लू पेंगत नाही, उलट अधिकच बेभान होते आणि घरातल्यांना वाटते की त्याला अजून फिरवायला हवे. संध्याकाळी निघण्याआधी त्याची दुपारची सलग झोप झालेली असू द्या.

कारवानी कुत्र्याचे डोके निमुळते असते, त्यामुळे साधा पट्टा मागे खेचला की डोक्यावरून निसटतो. छातीला बसणारा हार्नेस वापरावा. जिन्यावर हिसका बसला तरी गळ्यावर ताण येत नाही. गळा आवळणारी किंवा काट्यांची साखळी कोणी सुचवली तर घेऊ नका. वेदनेने कुत्रे थांबते, पण दोरी दिसली की घाबरू लागते.

माणदेशी, जत

पाव्हणे, भुऱ्या आमच्या भागाचा म्हणून लिहितो. आमच्या घरी तीन पिढ्या ही कुत्री आहेत. वर सांगितलेले पटते, फक्त कोणी तुम्हाला ‘आधी बसायला शिकवा’ असे सांगितले तर त्याचा हट्ट धरू नका. या जातीचे पाय लांब आणि ढुंगणावर मांस कमी, त्यामुळे गुळगुळीत फरशीवर टेकून बसणे त्याला अवघड जाते. तो बसत नाही म्हणून माणूस चिडतो आणि कुत्रे गोंधळते. चारही पाय टेकून उभा राहिला तरी तेवढे पुरे आहे. बसवायचेच असेल तर दाराशी पोते किंवा जाड सतरंजी अंथरा आणि ती त्याची जागा ठरवा.

दुसरे असे की ही जात वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी आहे. दार उघडल्यावर गल्लीत मांजर किंवा पळते पोर दिसले की शिकवलेले सगळे त्याच क्षणी विसरते. दार उघडताना त्याच्यापुढे आपण आडवे उभे राहावे, आधी आपण बाहेर नजर टाकावी आणि रस्ता मोकळा दिसल्यावरच बाजूला व्हावे.

आणि त्याला पळू द्या. आजोबांच्या चालीने त्याच्या पायांचे समाधान होणार नाही, आणि ते व्हावे अशी आजोबांकडून अपेक्षाही नको. घरातल्या तरण्या माणसाने संध्याकाळी मोकळ्या बंदिस्त जागेत लांब दोरीवर त्याला मनसोक्त पळवून आणले, तर सकाळच्या फेरीआधी त्याच्यात निम्मीच वाफ उरेल. नदीकाठाला मात्र दोरी कधीच सोडू नका. कृष्णेत मगरी आहेत आणि पाण्याशी गेलेले कुत्रे त्यांच्या तोंडी जाऊ शकते, हे सांगलीकरांना मी सांगायला नको.

गोडोलीकर (सातारा)

चर्चा उपयुक्त आहे, पण एक प्रामाणिक शंका आहे. आमच्याकडेही असेच पिल्लू आहे. सकाळी आम्हा दोघांना नोकरीवर निघायचे असते, मुलांचे डबे व्हायचे असतात. हात दहादा वर-खाली करत दारात थांबायला वेळ कुठून आणायचा? आणि ज्या दिवशी घाईने तसेच बाहेर काढले, त्या दिवशी आधीचे सगळे शिकवणे वाया जाते का?

मिरजकर

गोडोलीकर, शंका रास्त आहे. कधी उडी मारून दार उघडते आणि कधी नाही, असे झाले तर सवय अधिकच चिवट होते, कारण ‘आज कदाचित जमेल’ ही आशा कुत्र्याला सोडत नाही. म्हणून घाईचा दिवस आणि शिकवणीचा दिवस हे कुत्र्याच्या दृष्टीनेच वेगळे करावेत. घाईच्या सकाळी त्याला परीक्षेला बसवूच नका. खाऊचे मूठभर चुरे जमिनीवर विखरून टाका. तो नाक खाली घालून वेचत असताना हार्नेस चढवा, दोरी अडकवा, आणि शेवटचे चुरे उंबऱ्याबाहेर टाकून त्यांच्यामागोमाग बाहेर पडा. यात तो काही नवे शिकत नाही, परंतु उडी मारून दार उघडल्याचा अनुभवही त्याला मिळत नाही. खरी शिकवणी रात्री जेवणे उरकल्यावर, बाहेर जायचे नसताना करावी. तिला पाच मिनिटे पुरतात, आणि पिल्लाचे लक्षही त्याहून फार टिकत नाही.

माणदेशी यांचा बसण्याबद्दलचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. या जातीचे पिल्लू मी स्वतः वाढवलेले नाही, त्यामुळे ते तसेच मानून चालावे.

गावभागकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. बेदाण्यांचा डबा वरच्या फळीवर गेला आहे आणि लोखंडी साखळी काढून कापडी दोरी आणली. खुर्चीची युक्ती सासऱ्यांना फार आवडली. भुऱ्या त्यांच्या गुडघ्यांत येऊन उभा राहू लागला आहे.

आता वेगळाच प्रश्न पडला आहे. दोरी घेऊन आम्ही स्वस्थ बसलो की तो केकाटतो, आणि तो आवाज पूर्वी कधी नव्हता इतका मोठा आहे. सासऱ्यांचे मन द्रवते. ‘त्याला लागली असेल गं, किती तळमळतोय,’ असे म्हणून ते उठतात. लघवीला लागली आहे की नुसता हट्ट आहे, हे ओळखायचे कसे? आणि असे आवाज वाढणे म्हणजे आपण काही चुकीचे करतो आहोत का?

मिरजकर

नाही, हे अपेक्षितच होते आणि मी ते आधी लिहायला हवे होते. जे केल्याने आजवर दार उघडत आले ते अचानक निरुपयोगी झाले की कुत्रे ते सोडण्याआधी दुप्पट जोराने करून बघते. हा भर काही दिवस टिकतो आणि ओसरतो. परंतु नेमक्या त्याच वेळी आपण उठलो तर इतके केकाटल्यावरच दार उघडते, असा धडा त्याला मिळतो.

सासऱ्यांची शंका मात्र धुडकावू नका. पिल्लाला खरोखर लागलेली असू शकते आणि त्या वेळी त्याला थांबवणे अन्याय होईल. उपाय असा की लघवीला नेणे आणि फिरायला नेणे हे दोन वेगळे प्रसंग करावेत. उठल्याबरोबर, जेवल्यावर, झोपेतून जागा झाल्यावर, तो काही मागण्याच्या आधीच तुम्ही दोघांपैकी एकाने त्याला दुसऱ्या, आखूड दोरीने परसात किंवा वाड्याच्या चौकात न्यावे, एका जागी उभे राहावे, मोकळा झाला की परत वर आणावे. तिथे ना गप्पा, ना खेळ. असे केल्यावर दोरी घेऊन बसल्यावेळी तो केकाटला तरी त्याचे पोट रिकामे आहे हे सासऱ्यांनाही ठाऊक असेल आणि त्यांना स्वस्थ बसवेल. तरीही तो अगदी अनावर झाला तर दोरी टांगून ठेवा आणि पुढच्या वेळी आणखी सोप्या ठिकाणापासून सुरू करा, म्हणजे दोरी हातात न घेता खुंटीला नुसता स्पर्श करण्यापासून.

जिन्याचे काय करायचे ते मात्र आजच ठरवा. भुऱ्या सैल दोरीने उतरायला शिकेपर्यंत जिन्यावर दोरी सासऱ्यांच्या हातात नको. त्यांनी कठडा धरून आधी एकट्याने खाली यावे, तुम्ही भुऱ्याला मागून आणावे आणि रस्त्यावर आल्यावर, चारही पाय टेकलेले असताना, दोरी त्यांच्या हाती द्यावी.

गावभागकर (सांगली)

हे उद्या पहाटेपासूनच सुरू करतो. चौकातल्या फेरीची जबाबदारी माझ्या यजमानांनी घेतली आहे, आणि सासरे म्हणाले की दोरी रस्त्यावर मिळणार असेल तर पाच मिनिटे आधी खाली जाऊन थांबायला त्यांची काहीच हरकत नाही.